ओव्हर देताना काय निसटतं?

सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांत साधारण या वेळांना नर्सिंगची पाळी बदलते. जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला रुग्णांची माहिती देते. वॉर्डाच्या भाषेत ‘ओव्हर देते’. ही माहिती नुसती तोंडी दिली तर किती टिकते? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या ब्रिटिश प्रयोगात १२ काल्पनिक रुग्णांची माहिती सलग पाच वेळा पुढे दिली गेली. फक्त बोलण्यावर भिस्त होती तिथे तीन फेऱ्यांत सगळीच माहिती गळाली. ऐकताना टिपणं काढली, तेव्हा पाच फेऱ्यांनंतर ३१ टक्के नीट पोचली. छापील तक्ता हाती देऊन वर बोलणंही झालं, तेव्हा मात्र गळती अगदी थोडी होती.

झालेली कामं केस पेपरवर सापडतात. निसटतात ती राहिलेली कामं: रक्त पाठवलंय पण रिपोर्ट आलेला नाही, सहाचा अँटिबायोटिक डोस औषध न मिळाल्यामुळे राहिलाय. ‘झालं’ आणि ‘राहिलं’ यांची सरमिसळ झाली की डोस चुकतो, नाहीतर दोनदा जातो.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा, ६० किलो वजनाचा रुग्ण घ्या. ‘लघवी ठीक आहे’ यातून काहीच कळत नाही. ‘सहा तासांत १५० मिलीलिटर’ म्हटलं की हिशोब मांडता येतो: तासाला २५. प्रौढाला किलोमागे तासाला निदान अर्धा मिलीलिटर, म्हणजे या रुग्णाला ३० हवी. सहा तास ती त्याहून कमी असेल तर मूत्रपिंडावर ताण आल्याची खूण असू शकते. युरोबॅगेत (लघवी साठवणाऱ्या पिशवीत) १५० बरे दिसतात, तिथेच फसगत होते. म्हणून पुढचंही सांगायला हवं: कॅथेटर (लघवीची नळी) तुंबलेला नाही हे पाहिलं का, डॉक्टरांना किती वाजता कळवलं, ते काय म्हणाले, आणि पुढच्या दोन तासांत किती झाली नाही तर पुन्हा फोन करायचा.

अशा सांगण्याच्या क्रमाला ‘एसबार’ (SBAR, चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं) म्हणतात: आत्ता काय चाललंय, आधी काय झालं, मला काय वाटतं, काय करायला हवं. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची ही पद्धत पुढे रुग्णालयांत आली. यातला तिसरा भाग बऱ्याचदा गाळला जातो, कारण ‘मला वाटतं’ म्हणायला नवी सिस्टर कचरते. खरं तर पाळीभर रुग्णाजवळ तीच होती. तिचा अंदाज मोलाचा आहे.

आयसीयूत ओव्हर टेबलापाशी उरकू नये. सिरिंज पंपावर ‘तासाला ५ मिलीलिटर’ दिसतं, पण ५० मिलीलिटरमध्ये नॉरअॅड्रिनॅलिन (रक्तदाब वाढवणारं औषध) ४ मिलिग्रॅम घातलंय की ८, हे पंप सांगत नाही. तोच वेग, डोस दुप्पट. सिरिंजवरचं लेबल दोघींनी मिळून वाचावं, नळीचा हाताने माग काढत ती रुग्णाच्या शिरेपर्यंत तपासावी.

आकडे ऐकणारीने परत म्हणून दाखवावेत. इंग्रजीत ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, मराठीत ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ गोंगाटात सारखेच ऐकू येतात. ‘पाच-नऊ’ असा सुटा उच्चार करावा. इन्सुलिनच्या आकड्यापुढे इंग्रजी ‘यू’ लिहू नये, तो शून्यासारखा वाचला जातो आणि १० चे १०० होतात. ‘युनिट’ पूर्ण लिहावं.

तीस रुग्णांच्या जनरल वॉर्डात प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी एक तास जातो. तेवढा वेळ कुणाकडेच नसतो. अशा वेळी कॉट नंबरच्या क्रमाने जाऊ नये. आधी गंभीर रुग्ण, मग आजचे ऑपरेशनचे, मग बाकीचे. मध्येच नातेवाईकाने हाक मारली किंवा फोन आला, तर परतल्यावर त्या रुग्णाचं पहिल्यापासून सांगावं, अर्ध्यावरून नको.

खाटेपाशी बोलताना शेजारचा रुग्ण ऐकत असतो, हेही ध्यानात ठेवावं. एचआयव्हीची माहिती गोपनीय ठेवणं तर २०१७ च्या कायद्यानेच बंधनकारक केलंय. असं काही असेल तर केस पेपरवर बोट ठेवून दाखवावं.