इम्प्लांट असेल तर एमआरआय कुठे अडकतो आणि कुठले कागद लागतात

शरीरात धातूचं काही बसवलेलं असेल तर एमआरआय होतच नाही असं अजूनही बरेच जण धरून चालतात. होतो. बदललेली गुडघ्याची वाटी, हाडातली प्लेट, हृदयातला स्टेंट, दाताचा इम्प्लांट, यातल्या बहुतेकांचा आरामात होतो. पेशंटला परत पाठवतात ते धातूपेक्षा कागदापायी जास्त.

नेहमीचं म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट, कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) द्यायचा असेल तर बऱ्याचदा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, आणि तिथला सेफ्टी फॉर्म. यात कुणाचं फारसं अडत नाही.

अडतं ते इम्प्लांट कार्डावर, म्हणजे बसवलेल्या वस्तूची माहिती असलेल्या कार्डावर. ऑपरेशननंतर ते हातात दिलेलं असतं किंवा द्यायला हवं असतं, पण दहा वर्षांनी ते कुणाच्या घरात सापडतं? मग लोक डिस्चार्ज कार्ड घेऊन येतात आणि त्यावर नुसतं 'पेसमेकर बसवला' किंवा 'क्लिप लावली' एवढंच लिहिलेलं, ज्याचा इथे काडीचा उपयोग नाही. रेडिओलॉजीवाल्यांना हवी असते कंपनी, मॉडेल नंबर आणि बसवल्याची तारीख. कार्ड हरवलं असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्ड विभागात अर्ज देऊन ऑपरेशन नोट मागा, तिच्यावर बऱ्याचदा इम्प्लांटच्या डब्यावरचे छोटे स्टिकर चिकटवलेले असतात. त्यावरचा 'आरईएफ' (REF) पुढचा नंबर हाच मॉडेल नंबर, 'लॉट' (LOT) पुढचा नव्हे, आणि हमखास तोच दुसरा उतरवून आणतात. हे सगळं अपॉइंटमेंटच्या आधी करा, त्या दिवशी सकाळी फोन लावून रेकॉर्ड रूममधून काही निघत नाही.

'टायटॅनियमचं आहे हो' म्हणून भागत नाही. टायटॅनियम ओढलं जात नाही हे खरं, पण प्रश्न फक्त ओढण्याचा नाही, रेडिओ लहरींनी लांब वायर तापते, बॅटरीवर चालणारं यंत्र गडबडतं. आणि मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिनीवर लावलेल्या काही जुन्या क्लिपा खरंच चुंबकाने हलतील अशा स्टीलच्या होत्या, म्हणून तिथे अंदाजावर कुणी सही करत नाही, करूही नये. 'मागच्या वेळी झाला होता, काही झालं नाही' हाही पुरावा धरत नाहीत, कारण मशीन वेगळं असू शकतं.

कार्डावरच्या शब्दांचा तर फारच घोळ होतो. 'एमआर सेफ' म्हणजे कुठेही चालतं, 'एमआर अनसेफ' म्हणजे नाही, आणि 'एमआर कंडिशनल' म्हणजे अटींवर, पण लोक हा शब्द 'हो' असाच वाचतात. अटीत लिहिलेलं असतं की किती टेस्ला (म्हणजे चुंबकाची ताकद), शरीराचा कुठला भाग, किती वेळ. कार्डावर १.५ टेस्ला असेल आणि सेंटरचं मशीन ३ टेस्लाचं असेल तर ते नाहीच म्हणणार. उलटंही खरं, ३ ला तपासलेलं १.५ ला आपोआप चालतं असं नाही, कारण दोन्हींची रेडिओ फ्रिक्वेन्सी वेगळी असते. म्हणून तारीख घेतानाच मशीन किती टेस्लाचं ते विचारा.

पेसमेकरवाल्यांनी जरा जास्त लक्ष द्या. नुसतं यंत्र कंडिशनल असून चालत नाही, त्याच्या लीडही (हृदयापर्यंत जाणाऱ्या वायरी) तशाच आणि एकमेकांना मंजूर असलेल्या लागतात, जुनी लीड आत तशीच सोडलेली असेल तर तेही सांगा. बसवल्यानंतर साधारण ६ आठवडे थांबायला सांगतात, आणि हाच नियम लोक स्टेंटलाही लावून उगाच थांबतात, आजच्या बहुतेक कोरोनरी स्टेंटला थांबायची गरज नाही. स्कॅनच्या आधी पेसमेकरला एमआरआय मोड (स्कॅनपुरतं खास सेटिंग) लावायला आणि नंतर काढायला माणूस लागतो, म्हणजे कार्डिओलॉजी आणि रेडिओलॉजी दोघांची तारीख एकच हवी, आणि ती जुळवायचं काम मात्र पेशंटच्या गळ्यात! मोड काढून तपासल्याशिवाय घरी जाऊ नका. पेसमेकर कंडिशनल नसेल तरी लगेच आशा सोडू नका, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा यंत्रांवर १.५ टेस्लाचे, छाती सोडून इतर भागांचे १५०० स्कॅन देखरेखीखाली झाले आणि स्कॅनदरम्यान एकही मृत्यू झाला नाही, त्यामुळे काही मोठी सेंटर करतात.

ऐकू येण्यासाठी बसवलेल्या कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये आत चुंबक असतो, काहींना पट्टी बांधून चालतं, काहींचा चुंबक काढावा लागतो. डोक्यात प्रोग्रामेबल शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढणारी, बाहेरून सेटिंग बदलता येणारी नळी) असेल तर स्कॅननंतर सेटिंग तपासून घ्या.

फॉर्ममध्ये 'डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का' असं विचारतात आणि वेल्डिंग, ग्राइंडिंग करणारे लोक 'नाही' वर टिक मारून मोकळे होतात. तो कण हलला तर डोळा जाऊ शकतो. शंका असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात, तेवढा वेळ द्या. इन्सुलिन पंप आणि औषधाचे पॅचही फॉर्मवर लिहा, पंप तर बाहेरच ठेवायचा.

आणि सोबत आत जाणाऱ्या नातेवाइकालाही हाच फॉर्म भरावा लागतो, त्याला यंत्रात झोपायचं नाही हे कारण चालत नाही, कारण चुंबक स्कॅन नसतानाही चालूच असतो. सोबतच्या माणसाच्याच छातीत पेसमेकर असेल तर सोबतीला दुसरं कुणी तरी आणा.