काउंटीनिहाय शेती अनुदान (अमेरिका)

अमेरिकेचे केंद्र सरकार शेतकऱ्यांना जे थेट पैसे देते, त्यांची नोंदणी आणि वाटप काउंटी कार्यालयातून होते. काही योजनांत तर रक्कमही काउंटीच्या आकड्यांवर ठरते. काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग. कारभारापुरता तिला जिल्हा म्हणता येईल, पण ग्रामीण भागात तिची वस्ती कधीकधी आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढीच असते. देशात अशा ३,०००हून जास्त काउंट्या आहेत.

महामंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने कमी पेरा करणाऱ्यांना भरपाई देणारा कायदा केला. कायदा झाला तोवर कपाशी उगवून आली होती, म्हणून उभे पीक नांगरून टाकायला लावले. दक्षिणेत हे पैसे मुख्यतः जमीनमालकांच्या हाती पडले. अनेकांनी वाटेकऱ्यांना त्यांचा हिस्सा दिला नाही, उलट पेराच कमी झाला म्हणून त्यांना जमिनीवरून काढले. आर्कान्सामधील टायरोन्झा येथे १९३४ मध्ये कुळांची संघटना उभी राहिली ती यातूनच.

आज हे काम 'फार्म सर्व्हिस एजन्सी' या केंद्रीय यंत्रणेच्या काउंटी कार्यालयांतून चालते. शेतकऱ्याने दरवर्षी तिथे जाऊन कोणत्या तुकड्यात काय पेरले ते नोंदवायचे. आपल्या पीकपाहणीसारखाच प्रकार. मात्र मका, सोयाबीन, गहू यांचे अनुदान यंदाच्या पेऱ्यावर मिळत नाही. ते 'बेस एकर'वर, म्हणजे त्या जमिनीच्या नावे जुन्या पेऱ्यावरून चढलेल्या क्षेत्रावर मिळते.

२०१४ च्या कायद्याने दोन मुख्य योजना आणल्या. एकीत भाव ठरावीक पातळीखाली गेला की फरक मिळतो. दुसरीत काउंटीचे सरासरी उत्पन्न पाहतात: उत्पादकता आणि भाव यांच्या गुणाकाराने येणारा आकडा आधीच्या वर्षांवरून ठरवलेल्या पातळीच्या ९० टक्क्यांखाली (२०२४ च्या पिकापर्यंत ८६ टक्क्यांखाली) गेला, तरच पैसे. समजा, दोन काउंट्यांची हद्द एकाच रस्त्यावरून जाते. रस्त्याच्या अलीकडे एकाचे पीक गारपिटीने झोपले, पण त्याच्या काउंटीत एकूण पीक चांगले आले. त्याला काही नाही. पलीकडच्या काउंटीची सरासरी पडली, तर तिथल्या भरघोस पीक घेतलेल्यालाही रक्कम मिळते. चीनशी व्यापारयुद्ध पेटल्यावर २०१९ मध्ये दिलेल्या मदतीचा एकरी दरही काउंटीप्रमाणे १५ ते १५० डॉलर असा वेगवेगळा होता.

धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षे पडीक ठेवून गवत-झाडे राखणाऱ्याला १९८५ पासून वार्षिक भाडे मिळते. सगळी काउंटीच पडीक पडली तर बियाणेवाले आणि खतवाले दुकाने बंद करतील, म्हणून काउंटीतल्या लागवडीच्या साधारण २५ टक्क्यांपेक्षा जास्त जमीन त्यात घेत नाहीत.

कार्यालयावर शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली काउंटी समिती असते. स्थानिक माणसांना स्थानिक शेती कळते, हा त्यामागचा विचार. आणि गावातले हेवेदावेही त्याच माणसांबरोबर कार्यालयात शिरतात. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना कर्जे नाकारली गेल्याच्या तक्रारी अनेक वर्षे होत राहिल्या. अखेर 'पिगफर्ड' खटल्यात १९९९ मध्ये तडजोड झाली आणि सरकारला एक अब्ज डॉलरहून जास्त भरपाई द्यावी लागली.

'एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप' ही संस्था १९९५ पासूनच्या रकमा काउंटीवार, लाभार्थ्यांच्या नावांसह प्रसिद्ध करते. ही यादी सावधपणे वाचावी लागते. रोख खंडाच्या जमिनीवर अनुदान कसणाऱ्याच्या नावे दिसते, पण मालक पुढच्या वर्षी खंड वाढवून त्यातला वाटा काढून घेऊ शकतो. शिवाय सरकार पीकविम्याच्या हप्त्याचा सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास भार उचलते, तरी विमाधारकांची नावे जाहीर होत नाहीत. त्यामुळे यादीत पहिल्या क्रमांकावर दिसणाऱ्याला सरकारकडून एकूण किती मिळाले, ते तिच्यातून कळत नाही.