डब्यावरचे २४ ग्रॅम

आषाढात म्हापशाला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने जिमहून आल्या आल्या प्रोटीन पावडरचा डबा माझ्यासमोर ठेवला. आत गठळ्या धरल्या होत्या. "मामा, ही खराब झाली काय?" गठळ्या आपल्याकडच्या दमट हवेने होतात. माझं लक्ष मात्र डब्यावरच्या ठळक आकड्याकडे होतं: एका स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रोटीन.

दूध फाडून चीज काढल्यावर जे पिवळसर पाणी उरतं, तेच व्हे; ही पावडर त्याचीच. दहा लिटर दुधामागे साधारण नऊ लिटर. कारखाने ते डुकरांना घालत, नाहीतर नदीत सोडून देत. १९७०च्या दशकात अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून ते गाळून प्रथिनं वेगळी काढता येऊ लागली आणि या टाकाऊ पाण्याला भाव आला. पावडरीत ८० टक्के प्रथिनं असतील, तर ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम मिळतात.

पण ही प्रथिनं मोजायची जुनी रीत प्रथिनं मोजतच नाही. १८८३ साली योहान केल्डाल यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजायची पद्धत बसवली. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचं, दुधाच्या पदार्थांना ६.३८ ने. नायट्रोजन कुठून आला, हे ही चाचणी विचारत नाही. भेसळ करणाऱ्यांना एवढी फट पुरली. ग्लायसीन, टॉरिन हे स्वस्त पदार्थ मिसळले की आकडा फुगतो. प्लास्टिक बनवायला लागणाऱ्या मेलामाइन या रसायनात तर ६६ टक्क्यांहून जास्त नायट्रोजन. त्याचे १०० ग्रॅम या हिशेबात ४०० ग्रॅमपेक्षा जास्त "प्रथिनं" ठरतात. २००८ साली चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या पावडरीत तेच घातलं गेलं. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. ही बातमी आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

दुसरा धोका लेबलवर न छापलेल्या औषधांचा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ देशांतून घेतलेली ६३४ सप्लिमेंट्स तपासली होती. त्यांतल्या ९४ मध्ये लेबलवर नसलेले स्टेरॉइडवर्गीय घटक निघाले. स्पर्धेत उतरणारा मुलगा अशा एका डब्यामुळे उत्तेजक चाचणीत सापडला, तर त्याची कारकीर्द संपू शकते.

आपल्याकडे १९५४चा भेसळप्रतिबंधक कायदा जाऊन २००६चा अन्नसुरक्षा कायदा आला. सप्लिमेंट्ससाठी वेगळे नियम २०१६ साली निघाले आणि २०१८ पासून लागू झाले. तरीही २०२४ साली भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या, तेव्हा जवळपास ७० टक्क्यांवर प्रथिनांचा आकडा चुकीचा होता. काहींत छापल्याच्या निम्मंच प्रोटीन होतं. १४ टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे यकृत बिघडवणारं बुरशीचं विष. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेने शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळा, असं सांगितलं.

मासेमारीबंदीच्या दिवसांत बाजारात ताजी मासळी कमी, म्हणून पोरं डब्यावर भर देतात, हे मला कळतं. पण घरात अंडी होती, अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) होते, सुके बांगडे होते.

भाच्याला मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. अन्नसुरक्षा परवान्याचे १४ आकडे होते, आयातदाराचा पत्ता होता. घटकांच्या यादीत व्हेच्या लगेच खाली लिहिलं होतं: ग्लायसीन, टॉरिन.