गृह-शुश्रूषेसाठी कुटुंबीयांचे सिम्युलेशन प्रशिक्षण

ट्रॅकिओस्टोमीची नळी (श्वासासाठी गळ्याला केलेल्या छिद्रातली नळी), घरचा व्हेंटिलेटर, पोटातली आहारनळी किंवा मोठ्या शिरेतले कॅथेटर (बारीक नळी) यांच्या आधारावर जगणाऱ्या मुलाला रुग्णालयातून घरी पाठवण्यापूर्वी, आणीबाणीचे प्रसंग त्याच्या घरच्यांकडून पुतळ्यावर हाताळून घेण्याची पद्धत.

सक्शन (श्वासाच्या नळीतला कफ ओढून काढणे), नळीभोवतीची त्वचा स्वच्छ ठेवणे, आहार देणे ही कामे रोजची असल्याने मुलाच्या खाटेपाशीच अंगवळणी पडतात. गळ्यातली नळी निसटणे किंवा घट्ट कफाने बुजणे हे मात्र रुग्णालयातल्या मुक्कामात घडेलच असे नाही, आणि घडले तरी परिचारिका आधी पोहोचते. मग सगळ्या पायऱ्या तोंडपाठ असलेले आई-वडीलसुद्धा ती कृती पहिल्यांदा करतात ती घरी, अलार्म वाजत असताना. ती पहिली वेळ पुतळ्यावर यावी, एवढ्यासाठीच हे प्रशिक्षण असते. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या श्वसनविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरी व्हेंटिलेटरवर असलेल्या मुलाजवळ एक प्रशिक्षित व्यक्ती सतत जागी हवी आणि कुटुंबातील किमान दोघे प्रशिक्षित हवेत. दोघांची परीक्षा जोडीने घेऊन भागत नाही. रात्री एकच जण जागा असतो, म्हणून प्रत्येकाने सगळा प्रसंग एकट्याने निभावून दाखवावा.

पुतळा साधा चालतो. गळ्याला छिद्र आणि हवा भरल्यावर उचलली जाणारी छाती पुरेशी. साधने मात्र त्या मुलाचीच हवीत: त्याचा सक्शन पंप, त्याची अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि कायम सोबत राहणारी आणीबाणीची पिशवी. पिशवीत त्याच मापाची एक नळी, 0.5 मिमी लहान मापाची दुसरी, बांधायच्या पट्ट्या, कात्री, पाण्यात विरघळणारे वंगण, सलाइन, मास्क आणि सक्शन कॅथेटर असतात. नळीचा आतला व्यास मिमीमध्ये घेऊन दुप्पट केला की कॅथेटरचे साधारण माप ‘फ्रेंच’ या जाडीच्या एककात मिळते. 4 मिमी नळीला 8 फ्रेंच. कॅथेटर किती आत घालायचे याची खूण आधीच ठरलेली असते आणि एका वेळचे सक्शन 5 ते 10 सेकंदांत संपवायचे असते.

नळी बुजण्याच्या प्रसंगात प्रशिक्षक ऑक्सिमीटरचा आकडा हळूहळू उतरवतो. पालकाने मदतीला हाक मारून सक्शन करायचे. कॅथेटर आत जात नसेल तर पुन्हा पुन्हा जोर न लावता नळी लगेच बदलायची. तीच नळी बसली नाही तर लहान मापाची घालायची. तीही बसली नाही तर गळ्यावरचे छिद्र बोटाने झाकून नाका-तोंडावर मास्क धरून श्वास द्यायचा. ज्या मुलाची वरची श्वासवाट बंद आहे त्याला ही शेवटची पायरी घातक ठरेल; त्याला छिद्रावाटेच श्वास द्यावा लागतो. म्हणूनच छापील, सर्वांना सारखा प्रसंग वापरणे चूक आहे. मूल प्रतिसाद देत नसेल आणि श्वासही नसेल तर छातीवर दाब: मिनिटाला 100 ते 120, एकट्याने 30 दाबांमागे 2 श्वास.

ठरावीक चुका वारंवार दिसतात. नवी नळी बसवताना आत असलेली ऑब्ट्युरेटर कांडी काढायची राहते आणि श्वास तिथेच अडतो. अँबू बॅगला ऑक्सिजनची नळी जोडलेली नसते. सर्वांत धोक्याची चूक म्हणजे मुलाकडे न बघता यंत्राकडे बघणे. बारीक नळी गळ्यातून बाहेर पडली तरी तिच्या स्वतःच्या अडथळ्यामुळे व्हेंटिलेटरला पुरेसा दाब जाणवत राहतो, आणि कमी दाबाचा अलार्म वाजतच नाही. हा ‘शांत’ प्रसंग प्रत्येक कुटुंबाला द्यायलाच हवा.

आहारनळी निघून आल्यास छिद्र काही तासांतच आकसू लागते. जुन्या छिद्रात राखीव नळी घालून वाट उघडी ठेवायची, पण ती पोटातच असल्याची खात्री होईपर्यंत आहार द्यायचा नाही. छिद्र नुकतेच केलेले असेल तर नळी स्वतः न घालता रुग्णालय गाठायचे. झटका (फिट) येण्याच्या प्रसंगात घड्याळ आधी पाहायचे, कारण सहसा 5 मिनिटांनंतर आपत्कालीन औषध द्यायचे असते.

प्रसंगानंतरच्या चर्चेला प्रसंगाहून जास्त वेळ द्यावा. काय दिसले, काय वाटले हे आधी पालकांनी सांगावे. चुकांची यादी वाचून दाखवली की ते गप्प होतात. मग तोच प्रसंग लगेच पुन्हा करून घ्यावा. नळीचे माप किंवा यंत्र बदलले, अथवा घरात नवी काळजी घेणारी व्यक्ती आली, तर प्रशिक्षण पुन्हा द्यावे लागते.