उड्डाणाआधीची दहा मिनिटं: स्वतः बांधलेल्या विमानासाठी

कारखान्यातून निघालेल्या विमानासोबत छापील चेकलिस्ट येते, कारण तशी शेकडो विमानं असतात. तुमचं विमान एकच आहे. स्विच कुठे बसवायचा, टाकीचा कॉक, म्हणजे कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ती तोटी, कुठे घ्यायचा, हे तुम्ही ठरवलंत. म्हणून किटसोबत, म्हणजे विमान बांधायच्या सुट्या भागांच्या संचासोबत, आम्ही देतो ती यादी कच्ची समजा आणि कॉकपिटमध्ये बसून, डावीकडून उजवीकडे हात फिरवत, स्वतःची तयार करा.

सगळ्यात आधी कंट्रोल्स. बरेच जण स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, चारी बाजूंना फिरवतात, कुठे अडली नाही की खूश. पण बाहेर काय हललं आणि कुठल्या दिशेला, हे मान वळवून बघायचं असतं. स्टिक मुठीत धरा, अंगठा सरळ वर ठेवा. स्टिक झुकवली की अंगठा ज्या बाजूला कलेल, त्याच बाजूचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) वर उचललेला दिसला पाहिजे. आमच्याच कार्यशाळेत एकदा पंख परत जोडताना एलेरॉनच्या केबलींची अदलाबदल झाली होती. स्टिक लोण्यासारखी फिरत होती! ज्याने केबल जोडल्या त्यानेच तपासल्या, त्याला काही खटकलं नाही. दुसऱ्याने अंगठा वर करून पाहिलं तेव्हा चूक सापडली. तेव्हापासून जोडणारा आणि तपासणारा आम्ही एक ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका. शेजारची सीट रिकामी असेल तर तिचा पट्टा बांधून टाका, लोंबता राहिला तर तो स्टिकमध्ये अडकतो.

इंधनाचं म्हणाल, तर ज्या टाकीवर उडणार त्याच टाकीवर इंजिन तपासा. धावपट्टीच्या तोंडाशी टाकी बदलू नका. नव्या टाकीतून पेट्रोल येत नसलं तरी नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्यावर इंजिन थोडा वेळ छान चालतं आणि नेमकं जमीन सोडल्यावर बंद पडतं. पट्टे घट्ट आवळून मग कॉकपर्यंत हात पोचतो का, तेही बघा. गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात माँटेरे बे इथे कोसळले, ते विमान घरी बांधलेलं लाँग-ईझी होतं. आराखड्यात हा कॉक वैमानिकाच्या पायांमध्ये आहे. त्या विमानात तो डाव्या खांद्यामागे बसवलेला होता.

टाकीच्या तळातून नमुना काढताना एक फसगत होते. पाणी जड असल्याने खाली बसतं आणि बाटलीत रेष दिसते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बाटलीत नुसतं पाणीच आलं तर रेष कुठून दिसणार? रंग बघा, वास घ्या.

इग्निशन, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या दोन स्वतंत्र व्यवस्था, तपासताना एकेक बाजू बंद करा, इंजिनाचे फेरे थोडे उतरले पाहिजेत. रोटॅक्स ९१२ या इंजिनावर ही तपासणी मिनिटाला ४००० फेऱ्यांवर होते आणि उतार ३०० पेक्षा जास्त चालत नाही. इतर इंजिनांचे आकडे त्यांच्या पुस्तिकेत बघा. फेरे अजिबातच उतरले नाहीत तर हरखून जाऊ नका. बहुधा स्विचची तार तुटलेली असते, म्हणजे चावी काढल्यावरही प्रोपेलर जिवंत राहतो, हाताने फिरवला तर इंजिन सुरू होऊ शकतं. अशा वेळी त्याला हात लावायचा नाही. तेल ५० अंश सेल्सिअसला यायच्या आत रोटॅक्सवर जोर देऊ नका.

कॅनॉपीचा, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाचा, खटका डोळ्यांनी बघा, मग आतून ढकलून बघा. उडताना उघडलीच तर आधी विमान सांभाळा, कॅनॉपी नंतर.

मध्येच कोणी बोलायला आलं, फोन वाजला, तर यादी जिथे सुटली तिथून पुढे नेऊ नका. पहिल्या ओळीपासून परत. कंटाळा येतो खरा.

तुमची यादी लिहून झाली की कॉकपिटच्या एका फोटोसोबत आमच्याकडे पाठवा. आम्ही ती तुमच्या बांधणीच्या नोंदींशी ताडून, काही राहिलं असेल तर खूण करून परत देतो. किट घेतलेल्या ग्राहकांना याचं वेगळं शुल्क नाही.