काकूंची कढई आणि शिसं

"जून ते सप्टेंबर शिशाला हात लावायचा नाही," वरळी कोळीवाड्यातल्या काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं. खडकावरून गरवताना दोरीला जी शिशाची वजनं बांधतात, ती ओतायला शिकायचं म्हणून मी त्यांच्या पडवीत बसलो होतो. (बंदुकीची गोळीही अशीच साच्यात ओततात, पण परवान्याशिवाय ती बनवायला १९५९चा शस्त्र कायदा आडवा येतो. आमची मजल माशांपर्यंतच.)

शिसं ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळतं. आकडा ऐकून भट्टी डोळ्यांपुढे येते, इथे मात्र साधी शेगडी होती. हिशेब मांडला तर गंमत कळते. एक किलो शिसं आपल्या हवेच्या तापमानापासून पार वितळवायला साधारण ६३ किलोज्यूल उष्णता पुरते, आणि एक लिटर पाण्याला आधण यायला २९० लागतात. कारण अणूंच्या संख्येत आहे. घन धातूच्या प्रत्येक अणूला तापायला जवळपास सारखीच उष्णता लागते, हे ड्युलाँग आणि पेटिट या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८१९मध्ये दाखवलं. शिशाचा अणू लोखंडाच्या अणूपेक्षा पावणेचार पट जड, त्यामुळे किलोभर शिशात तापवायला अणूच कमी!

भंगारातून आणलेली टायर बॅलन्सिंगची जुनी वजनं काका कढईत टाकतात. त्यात थोडं अँटिमनी असतं, म्हणून ती शुद्ध शिशासारखी नखाने ओरखडत नाहीत. मध्येच एखादं वजन वितळायचं नाव न घेता वर तरंगत राहतं. ते जस्ताचं. जस्त ४१९ अंशांच्या पुढे वितळतं, आणि हलकंही. आच वाढायच्या आत काका ते झाऱ्याने उचलून फेकतात, कारण एकदा का जस्त मिसळलं की रस साच्यात नीट पसरत नाही.

वितळलेलं शिसं क्षणभर आरशासारखं चकाकतं, मग त्यावर करडी-पिवळट साय धरते. ही साय म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी झालेलं लग्न. ती पिवळी पूड आणखी भाजत राहिली की शेंदूर होतो. काका मेणाचा तुकडा टाकून ढवळतात. धूर होतो, कधी भडकाही उडतो, पण मेणातला कार्बन ऑक्सिजन ओढून घेतो आणि बरीचशी साय पुन्हा धातू होते. उरलेलं कीट झाऱ्याने काढायचं.

माझं पहिलं वजन सुरकुतलेलं निघालं. साचा गार होता. रसाचे दोन ओघ एकमेकांना भेटायच्या आतच त्यांची कातडी गोठली होती. शिवाय थिजताना शिसं साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकसतं, म्हणून तोंडाशी थोडा जास्तीचा रस ठेवावा लागतो, नाहीतर डोक्याला खळगा पडतो.

आता पावसाळ्याचं. रसावर पडलेला पाण्याचा थेंब नाचून उडून जातो. तोच ओल्या भंगारासोबत रसाखाली गेला, तर क्षणात १७०० पटींहून जास्त फुगतो आणि वरचं शिसं तोंडावर उडतं. काकांच्या मनगटावरचे पांढरे डाग एका जुलैचे आहेत. त्यानंतर प्रत्येक तुकडा आधी शेगडीच्या कडेला वाळवल्याशिवाय ते कढईत टाकत नाहीत.

विषाची भीती सगळ्यांना धुराची वाटते. एवढ्या आचेवर शिशाची वाफ फार थोडी होते. खरी लबाड ती कीटाची पूड: बोटांना लागते, तिथून वडापावला, तिथून पोटात. शरीर तिला कॅल्शियम समजून हाडात भरतं, आणि ती तिथे कित्येक दशकं मुक्काम करते. मोठ्यांच्या आतड्यातून दहावा हिस्सा शोषला जातो, मुलांच्या जवळपास निम्मा. त्यामुळे नातवंडांना पडवी बंद. जुन्या बॅटरीच्या पट्ट्या तर काका फुकटही घेत नाहीत. त्यांच्यात ॲसिड असतं, शिवाय काही पट्ट्यांतल्या आर्सेनिकपासून विषारी वायू होऊ शकतो.

बिडाची ती कढई मुळात काकूंची. काकांनी एकदाच मागून घेतली होती. आता ती पडवीतल्या खुंटीला असते, तळाशी खिळ्याने कोरलेली मोठी फुली, कुणी चुकून तिच्यात भजी तळू नयेत म्हणून.