भाषेची सीमा नेमकी कुठे असते?

समाजमाध्यमांवर अधूनमधून रंगीत नकाशे फिरत असतात. एकात प्रत्येक भाषेला एक रंग दिलेला असतो, दुसऱ्यात प्रत्येक धर्माला, तिसऱ्यात प्रत्येक वांशिक गटाला, आणि दोन रंगांच्या मध्ये ठळक रेषा ओढलेली असते. असे नकाशे पाहून दोन समजुती नकळत पक्क्या होतात. रेषेच्या अलीकडे एक भाषा संपते आणि पलीकडे दुसरी सुरू होते, ही पहिली. हे तिन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले तर बहुतांशी जुळतील, ही दुसरी. सांस्कृतिक भूगोलाच्या दृष्टीने या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

दुसरी समजूत खोडायला फार खटाटोप लागत नाही. माल्टा बेटावरची भाषा सेमिटिक (अरबी, हिब्रू यांच्या) कुळातली असून ती सिसिलीतल्या मध्ययुगीन अरबीपासून आलेली आहे. पण ती लॅटिन लिपीत लिहिली जाते आणि ती बोलणारे बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत. इंडोनेशियात वीस कोटींहून अधिक मुसलमान आहेत, परंतु त्यांच्यापैकी जवळजवळ कोणाचीच मातृभाषा अरबी नाही. भाषा, धर्म आणि वांशिक ओळख यांची अशी फारकत होते, कारण त्या वेगवेगळ्या वाटांनी पसरतात. कधी माणसेच जागा बदलतात आणि आपली भाषा सोबत नेतात. आइसलँडमध्ये स्कँडिनेव्हियातील नॉर्स भाषा अशीच पोहोचली. कधी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, संसर्गासारखा प्रसार होतो. कधी तो वरून खाली उतरतो: इ.स. ९८८ मध्ये कीव्हच्या व्लादिमीर राजाने बाप्तिस्मा घेतला आणि राजधानीमागून त्याच्या राज्यातील इतर प्रदेश हळूहळू ख्रिस्ती झाला. राजाने धर्म बदलला म्हणून प्रजेची भाषा मात्र बदलली नाही.

पहिल्या समजुतीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आणि, माझ्या मते, या संपूर्ण विषयातले सर्वांत सुंदर आहे.

१८७६ मध्ये गेओर्ग वेंकर या जर्मन अभ्यासकाने ऱ्हाइन नदीच्या परिसरातील शाळामास्तरांना काही साधी वाक्ये पाठवली आणि ती आपापल्या गावच्या बोलीत लिहून पाठवण्याची विनंती केली. पुढे हे काम संपूर्ण जर्मन साम्राज्यात विस्तारले आणि चाळीस हजारांहून अधिक शाळांमधून उत्तरे आली. एखादा शब्द एका प्रकारे उच्चारणारी गावे आणि दुसऱ्या प्रकारे उच्चारणारी गावे यांच्यामधून नकाशावर रेषा काढायची, ही त्यामागची पद्धत. या रेषेला भाषाभूगोलात ‘आयसोग्लॉस’ म्हणतात.

त्याच सुमारास भाषाशास्त्रात असा सिद्धान्त जोर धरत होता, की ध्वनिबदल अपवादाविना होतो. म्हणजे एखाद्या बोलीत ‘क’ चा ‘ख’सारखा घर्षक (हवा घासत बाहेर पडणारा) ध्वनी झाला, तर तो तशाच जागी असलेल्या प्रत्येक ‘क’चा होईल. उत्तर जर्मनीत ‘मी’ला ‘इक’ आणि ‘करणे’ला ‘माकन’ म्हणत, तर दक्षिणेत ‘इख’ आणि ‘माखन’. दोन्ही शब्दांत एकाच ध्वनीचा एकच बदल झालेला असल्यामुळे दोन्ही रेषा एकाच ठिकाणी पडायला हव्या होत्या. पूर्वेकडे बऱ्याच अंतरापर्यंत त्या जवळजवळ तशा पडतातही. पण पश्चिमेला ऱ्हाइन जवळ आली, की त्या फाकतात. ‘इक–इख’ ही रेषा युर्डिंगनपाशी नदी ओलांडते, तर ‘माकन–माखन’ ही तिच्या दक्षिणेला बेनराथपाशी. गाव या अर्थाचा शब्द ‘डोर्प’ आहे की ‘डोर्फ’, हे ठरवणारी रेषा आणखी दक्षिणेला आहे, आणि ‘ते’ या अर्थाच्या ‘दात–दास’ची रेषा त्याहून खाली, कोब्लेंझच्याही पलीकडे. नकाशावर हा आकार उघडलेल्या पंख्यासारखा दिसतो आणि त्याला ‘ऱ्हाइनचा पंखा’ हेच नाव पडले आहे.

याचा अर्थ नीट लक्षात घेण्याजोगा आहे. बेनराथच्या दक्षिणेला, पण ‘डोर्प–डोर्फ’ रेषेच्या उत्तरेला असलेल्या कोलोन शहराची पारंपरिक बोली बोलणारा माणूस ‘मी’ आणि ‘करणे’ हे शब्द दक्षिणेच्या धाटणीने उच्चारतो, पण ‘गाव’ आणि ‘ते’ उत्तरेच्या धाटणीने. मग त्याची बोली उत्तरेची म्हणायची की दक्षिणेची? या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर नाही, कारण निसर्गात सापडतात त्या एकेका शब्दाच्या रेषा. ‘बोलीची सीमा’ ही त्यांच्यातून आपण निवडून काढलेली गोष्ट असते. जिथे पुष्कळ रेषांची जुडी एकत्र येते, तिथे आपण सोयीसाठी सीमा मानतो, इतकेच.

मग कुठे जुडी बांधली जाते आणि कुठे पंखा उघडतो, हे कशावरून ठरते? थेओडोर फ्रिंग्स या अभ्यासकाने दाखवले, की पंख्याच्या काड्या मध्ययुगीन कोलोन आणि ट्रीअर येथील आर्चबिशपांच्या (राज्यही करणाऱ्या ख्रिस्ती धर्मप्रमुखांच्या) जुन्या मुलुखांच्या हद्दींशी बऱ्याच अंशी मिळतात. हद्दीच्या आत बाजार, न्यायनिवाडा, सोयरीक, यात्रा हे सगळे व्यवहार होत. हद्दीपलीकडे ते विरळ होत. जिथे बोलणे विरळ, तिथे शब्द अडखळतो. डोंगर, दलदल किंवा नदी यांचा परिणामही याच वाटेने होतो, आणि म्हणूनच ज्या नदीतून नावा सतत ये-जा करतात ती नदी सीमा न ठरता उलट शब्दांचा राजमार्ग ठरते.

याच कल्पनेला १९७४ मध्ये पीटर ट्रडगिल यांनी गणिती रूप दिले. दोन गावांचा एकमेकांवरील भाषिक प्रभाव त्यांच्या लोकसंख्यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि त्यांच्यातील अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात मानायचा. शाळेत शिकलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सूत्राचीच ही उसनवारी आहे. समजा, एका महानगरापासून २० किलोमीटरवर १,००० वस्तीचे खेडे आहे आणि १०० किलोमीटरवर १ लाख वस्तीचे शहर आहे. महानगराची लोकसंख्या दोन्हीकडे समान असल्याने बाजूला ठेवू. खेड्यासाठी १,००० भागिले ४०० म्हणजे २.५, शहरासाठी १,००,००० भागिले १०,००० म्हणजे १०. पाचपट दूर असूनही शहरावरचा प्रभाव चौपट भरतो. म्हणून नवा उच्चार आधी शहरातून शहरात उडी मारतो आणि मधली खेडी मागाहून भरत जातात. नॉर्वेत घशातून उच्चारला जाणारा ‘र’ बेर्गन आणि क्रिस्तियानसान या शहरांत आधी रुजला आणि नंतर भोवतालच्या प्रदेशात पसरला. सूत्र ढोबळ आहे, हे मान्य. लोक कोणाच्या बोलण्याला प्रतिष्ठा देतात, हे त्यात येत नाही.

राज्यसंस्था मात्र जिथे रेषा नव्हती तिथे ती निर्माण करू शकते. नेदरलँड्स आणि जर्मनी यांच्या सरहद्दीवर दोन्हीकडच्या गावांच्या बोली एकमेकींत सहज मिसळत असत. शाळा, वर्तमानपत्रे आणि प्रसारमाध्यमे यांमधून एका बाजूला प्रमाण डच आणि दुसऱ्या बाजूला प्रमाण जर्मन रुजली, आणि विसाव्या शतकात त्या बोली दोन दिशांना दुरावल्या.

वांशिक ओळखीच्या बाबतीत १९६९ मध्ये फ्रेडरिक बार्थ या मानववंशशास्त्रज्ञाने असा विचार मांडला, की गट टिकतो तो त्याच्या आतील सांस्कृतिक ऐवजामुळे नव्हे, तर ‘आपण’ आणि ‘ते’ यांच्यात आखलेल्या सीमेमुळे. माणसे ती सीमा ओलांडतात, चालीरीती बदलतात, तरी सीमा शिल्लक राहू शकते. म्हणूनच लाळेचा नमुना घेऊन ‘तुम्ही इतके टक्के अमुक वंशाचे’ असे सांगणाऱ्या चाचण्यांकडे मी साशंकतेने पाहतो. त्या चाचण्या तुमच्या जनुकांचे आजच्या काही नमुना-गटांशी असलेले साम्य मोजतात; ओळख मोजत नाहीत. हंगेरियन लोकांची भाषा फिनिशची दूरची नातलग असली, तरी त्यांची जनुके प्रामुख्याने आसपासच्या मध्य युरोपीय लोकांशी जुळतात. आपलीच भाषा जगातील सर्वांत प्राचीन आणि आपलेच रक्त सर्वांत शुद्ध, असा दावा करणारे संदेश तर चाचणीच्याही योग्यतेचे नाहीत.

सीमा आखली जाते म्हणजे काय होते, हे रवांडात दिसले. हुतू आणि तुत्सी एकच किन्यारवांडा भाषा बोलत, त्यांचे धर्मही वेगळे नव्हते आणि वस्तीही मिसळलेली होती. नकाशावर त्यांच्यामध्ये रेषा ओढताच आली नसती. बेल्जियन वसाहतवाद्यांनी १९३० च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू, तुत्सी अथवा त्वा (तिसरा, लहान गट) अशी नोंद सुरू केली आणि एरवी काहीशी लवचिक असलेली ओळख कागदावर गोठली. १९९४ च्या नरसंहारात रस्त्यांवरील नाक्यांवर हीच ओळखपत्रे तपासून माणसांना ठार मारण्यात आले. त्यानंतरच्या सरकारने ओळखपत्रांवरील ही नोंद काढून टाकली.